पूजेचं तेल

माझ्या लग्नाचा नवस आईने मारोतीला बोलला होता. ज्याने स्वतः जन्मभर लग्नाचं नाव काढलं नाही, त्याच्याकडे हे काम का सोपवलं, असं मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "जवळचा तोच होता." ते खरंच होतं. वर्ध्यातल्या आमच्या घरापासून बाकीच्या सगळ्या देवांकडे जायला रिक्षा करावी लागते, मारोती मात्र गल्लीच्या तोंडाशी बसलेला. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिची भक्ती अंतर बघून ठरते.

नवसाच्या अटीही ती वाढवत गेली. आधी नारळ कबूल केला, मग चांदीचे डोळे, मग घंटा. मारोती ढिम्म. दर शनिवारी ती तेल वाहायची आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची, "एवढं पोट्टीचं जमव, मंग पाह्य." म्हणजे काम आधी, मोबदला नंतर. आमच्या घरात देवाशी सगळा व्यवहार असाच चालायचा. माझ्या निकालाच्या दिवशी, बाबांच्या तपासणीच्या दिवशी, जमिनीच्या मोजणीच्या दिवशी देव आठवायचा आणि काम झालं की पुढच्या अडचणीपर्यंत त्याला सुट्टी. गरज सरो, वैद्य मरो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे अशा म्हणी मला वेळेवर सुचतात, आणि त्या मोठ्याने म्हटल्यामुळे आईशी माझं नेहमी वाजतं.

गेल्या आषाढात आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. नायजेरियाची, तिकडच्या योरुबा लोकांतली. टेकडीवरच्या विद्यापीठात हिंदी शिकायला आलेली. वसतिगृहात तिला तिचा देव मांडू देत नव्हते, म्हणून ती खोली शोधत फिरत होती. फोनवर सगळ्यांच्या खोल्या रिकाम्या असायच्या, ती दारात उभी राहिली की त्या कालच दिलेल्या निघायच्या. माझ्या एका सहकारी बाईंनी मला सांगितलं आणि मी आईला. घर आईच्या नावावर आहे, हे आई दिवसातून एकदा तरी सांगते. तिने मुलीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मुलीने काय करावं? तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि आईसमोर चक्क दोन्ही गुडघे जमिनीला टेकले. त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. आईला आयुष्यात इतका पूर्ण नमस्कार कोणी केला नव्हता. मी तर नाहीच.

"दिवाळीपर्यंत ठेवतो," आई मला म्हणाली. मी वर्गात मुलींना 'ठेवते' म्हणायला शिकवते, आई घरी 'ठेवतो' म्हणते आणि तिचंच चालतं. "दिवाळीले पाहू. घरात काई उलटंसुलटं दिसलं त त्याच दिवशी खोली खाली."

तर अशी ती मुलगी परीक्षेवर होती. आमची खोली गेली तर वर्ध्यात तिला दुसरी मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. शिक्षण अर्धवट टाकून परत जायचं, एवढाच रस्ता उरला असता.

तिच्या सामानात एक दगड होता. वर्ध्याला दगड घेऊन येणं म्हणजे माहेरी जाताना सासरचं पाणी नेणं. आमच्या रानात दुसरं काय पिकतं? पण हा दगड वेगळा होता, लाल, भोकाभोकांचा, नारळाएवढा. तो तिचा एशू. दारावर आणि चौकात बसणारा देव, इतर देवांचा निरोप्या, स्वभावाने जरा खोडकर. त्याला दिल्याशिवाय बाकीच्या देवांना काही पोचत नाही. त्याची जागा दाराशी, म्हणून तिने मला विचारून तो फाटकाच्या आत, जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवला आणि त्याच्यावर गावाकडून आणलेलं लालभडक पाम तेल ओतलं. मी 'हो' म्हटलं आणि आईला सांगायचं उद्यावर टाकलं. उद्यावर टाकणं हा माझा कायमचा धंदा आहे.

नेमकं त्याच आठवड्यात नगरपालिकेने नळाच्या पाइपासाठी आमच्या फाटकाशी खणून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी आई बाहेर गेली आणि लगेच आत आली. चेहरा असा, की मला वाटलं साप निघाला.

"अव, खोदकामात मारोती निघाला," ती हळूच म्हणाली. "तेलात भिजेल हाय. लाल."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण आई इतकी खूश होती! गल्लीच्या तोंडाचा मारोती आता थेट फाटकात आला होता, गुडघ्यांना यापेक्षा जवळचा देव मिळणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. तिने शेंदूर कालवला, रुईच्या पानांची माळ केली, देवघरातली तेलाची बाटली आणली आणि एशूचा मारोती झाला.

दुपारी मुलगी विद्यापीठातून आली आणि फाटकाशी थबकली. मला वाटलं, आता रडते. ती माझ्याकडे आली आणि तिच्या त्या पुस्तकी हिंदीत म्हणाली, "दीदी, मेरे एशू को यह लाल वस्त्र किसने पहनाया?"

"आईने," मी म्हटलं. "सम्मान के लिए."

तिचे डोळे भरून आले. आजवर तिचा देव बघून लोक लांब सरकले होते, इथे घरमालकिणीने त्याला माळ घातली होती. पुढचे महिने मग आमच्या घरात एक सुंदर गैरसमज सुखाने नांदला. आईला वाटायचं, परदेशातली पोट्टी असून आपल्या मारोतीची केवढी भक्ती करते. मुलीला वाटायचं, हिंदुस्थानातली म्हातारी असून आपल्या एशूचं केवढं करते. दोघी एकमेकींवर खूश आणि मधे तो दगड दोन्हीकडून तेल पीत होता. एकटी मी शहाणी, कारण मला सगळं माहीत होतं.

तिचं करणं मात्र आईच्या करण्यासारखं नव्हतं. ती रोज उजाडताना खाली यायची, दगडापाशी थोडं पाणी सांडायची, दोन शब्द बोलायची आणि जायची. त्यांचा देवाचा आठवडा चार दिवसांचा असतो, त्यामुळे तिचा तेलाचा वार आमच्या कॅलेंडरवर घसरत राहायचा. कधी मंगळवारी तेल, कधी शनिवारी. पण चुकला म्हणून कधी नाही. ताप असतानाही ती भिंत धरत खाली आली होती. आई हे सगळं खिडकीतून पाहायची.

एकदा आई पायरीवर तूरडाळ निवडत बसली होती. मुलगी पाणी देऊन वळली, गुडघे टेकले. आई म्हणाली, "काव, रोज रोज काय मांगतं तू त्याले?" आई वऱ्हाडीत बोलायची, मुलगी हिंदीत, आणि दोघींचं कुठे अडत नसे.

"कुछ नहीं माँगती, माँ. हाल पूछती हूँ."

"देवाचा हाल?"

"जी. जो रोज़ आता है उसकी आवाज़ पहचानी जाती है. जो केवल काम पड़ने पर आए, उससे तो पूछना पड़ता है कि आप कौन?"

मला हसू फुटलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर तपासायला आत जावं. मी गेले नाही.

"अन् तो काय देते तुले?"

"देते हैं, माँ. देना दोनों ओर से होता है. मैं न खिलाऊँ तो वे दुबले हो जाएँगे. और मैं खिलाती रहूँ और वे कुछ न करें, तो मैं बोलती हूँ."

"देवाले बोलतं तू?"

"जी. आदर से."

आईने हातातला खडा डाळीतच परत टाकला. त्या शनिवारी तिने माझ्या लग्नाचा विषय मारोतीकडे जरा खालच्या आवाजात काढला. तेवढाच फरक.

दिवाळी जवळ आली. आई पुलगावजवळ नाचणगावला आपल्या भावाकडे गेली, त्याच्या नातवाचं बारसं होतं. जाताना मला बजावलं, "शनवारी तेल इसरजो नोको. तुह्यावर माह्या भरोसा नाई."

माझाही नव्हता. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी देवघरातली तेलाची बाटली उचलून थेट दगडाशेजारी नेऊन ठेवली, म्हणजे सकाळी दूध घेताना दिसेल आणि आठवेल. माझ्या हिशेबाने ही फार हुशारीची युक्ती होती.

सकाळी मला जाग आली ती घासण्याच्या आवाजाने. खिडकीतून पाहिलं तर मुलगी फाटकाशी उकिडवी बसून, भांड्याचा साबण आणि नारळाची शेंडी घेऊन, देव घासत होती. शेंदूर पाण्याबरोबर ओघळून फरशीवरून नालीकडे चालला होता. रुईची माळ बाजूला काढून ठेवलेली. मी चप्पल न घालताच धावले.

"यह क्या कर रही हो?"

तिने साबणाच्या हाताने बाटली माझ्यापुढे धरली आणि लेबलावर बोट ठेवलं. आमच्या देवघरात ही बाटली मला कळतं तेव्हापासून आहे, म्हणजे हीच बाटली नव्हे, पण हाच प्रकार. किराणा दुकानात अगरबत्तीच्या फळीवर मिळते, स्वस्त असते. मी भाषा शिकवणारी बाई, पण ते लेबल मी जन्मात वाचलं नव्हतं. तिने वाचलं, कारण ती हिंदी शिकत होती आणि दिसेल ते वाचत होती. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, केवल पूजा के लिए. खाने योग्य नहीं.

"दीदी," ती म्हणाली, "जो हम नहीं खा सकते, वह उन्हें खिलाते हैं?"

मला एकही म्हण सुचली नाही.

आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. शनिवार होता आणि आईचा माझ्यावर भरोसा नव्हता, म्हणून ती पुलगावहून पहाटेच्याच गाडीने निघाली होती. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी, समोर साबणाच्या फेसात उघडा मारोती.

"मारोतीले घासून राह्यली काऊन?" आई म्हणाली. ओरडली नाही, त्याने मी जास्त घाबरले. "चार दिवस घर सोडलं त देवाचा शेंदूर काढला? खोली खाली कर. आजच."

मुलीने त्या ओल्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकले. तिच्या तोंडून हिंदी निघेना. आपल्या योरुबा भाषेत काहीतरी म्हणाली, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. आता मला बोलणं भाग होतं. मी सांगितलं, हा मारोती नाही. हा हिचा देव आहे, एशू, हिने तिकडून पिशवीत घालून आणला, खोदकामाचा आणि त्याचा काही संबंध नाही. आणि तू वाहतेस ते तेल खायचं नसतं, असं बाटलीवर लिहिलंय, म्हणून ती त्याला धूत होती. हे सगळं मी फार भरभर सांगितलं.

आई पायरीवर बसली. पिशवी मांडीवर. मला वाटलं, आता माझी पाळी. पण आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा हिशेब दुसरीकडेच चालला होता. अनोळखी देव, परमुलखातला, खोडकर स्वभावाचा, आणि त्याला आपण इतके महिने न खायचं तेल पाजलं. मारोती घरचा, तो समजून घेतो. हा कशाला समजून घेईल?

"बाटलीवर तसं लिहेल हाय?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाप्पा."

मग मुलीला म्हणाली, "रागावला का तो? इचार त्याले."

तिकडे देवाला कोला नावाच्या फळाच्या बिया टाकून विचारतात. तिच्याजवळच्या बिया संपल्या होत्या, पण तिच्या मावशीने फोनवर सांगितलं होतं की नारळ चालतो. आईने आतून नारळ आणून दिला. मुलीने चार तुकडे केले. दोन पांढरे वर आणि दोन काळे वर पडले की होकार.

"क्या पूछूँ, माँ?"

आता आईची करामत बघा. खोली खाली करायला सांगून बसली होती, ते आता तिला नको झालं होतं, पण शब्द परत घेणं तिच्या स्वभावात नाही. तिने तो देवाच्या गळ्यात घातला. "इचार, तू इथंच राहाचं का नाई. तो म्हनन तसं."

मुलीने डोळे मिटून विचारलं आणि तुकडे टाकले. एक पांढरा, तीन काळे.

"नहीं," ती म्हणाली. पदराला हात पुसावे तसे तिने ओढणीला हात पुसले, उठली आणि जिन्याकडे निघाली.

"कोठी चालली?" आई म्हणाली.

"सामान बाँधने."

"अव, पुन्हा टाक. नारळ ओला होता."

"माँ, एक बात दो बार नहीं पूछते."

"देव तुह्या असन, नारळ माह्या हाय," आई म्हणाली. पण मुलगी हलली नाही. रोज ज्याचा हाल विचारला, त्याचा नकार आला म्हणून तिला तो नाकारता येणार नव्हता. तिच्या तोंडावरून दिसत होतं, ती खरंच जाणार. दिवाळी, परीक्षा, पदवी, सगळं त्या तीन काळ्या तुकड्यांवर सोडून. मी इतके महिने ज्या गैरसमजाची गंमत पाहिली होती, त्यापायी आता तिची खोली जात होती.

"मंग काय इचारता येते?" आईने विचारलं.

मुलगी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. "पूछ सकते हैं," ती विचार करत म्हणाली, "कि क्या कम है. वह देकर, फिर."

"काय कमी हाय ते मले मालूम हाय," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देत उठली. स्वयंपाकघरातून ती पितळी वाटी घेऊन आली. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल, जे आम्ही फक्त सणाच्या वड्यांना काढतो आणि ज्याला आई मला हात लावू देत नाही. तिने ते दगडावर ओतलं, सगळं. मग मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यांची माझी आई दगडासमोर खाली बसली आणि त्याच्याशी बोलायला लागली. नवसाचा आवाज नव्हता तो. दूधवाल्याशी बोलते तसा होता.

"पाह्य," ती म्हणाली, "तेल खराब होतं ते माह्यं चुकलं. म्या वाचलं नाई, हिनं वाचलं. पन शनवार मी एक बी चुकवला नाई. तू कोन हाय ते बी मालूम नोतं तवापासून देऊन राह्यलो. आता तुही पाळी." मग थोडं थांबून, मुलीकडे बघत, "आदरानं सांगतो."

मुलीने तुकडे उचलून आईच्याच हातात दिले. आईने पदराला पुसून, कपाळाला लावून टाकले. एक तुकडा घरंगळत माझ्या पायाशी आला आणि पांढरी बाजू वर करून थांबला. दोन पांढरे, दोन काळे.

मुलीने टाळी वाजवली. आई म्हणाली, "मानला. समजदार हाय." आणि लगेच उठून, "दिवाळीच्या करंज्या भराले माणूस लागते. ही त शिकवाच्या कामाचीच हाय," असं माझ्याकडे बोट दाखवून सांगत घुगऱ्या वाढायला आत गेली. दिवाळीला पाहू, हा विषय त्यानंतर निघाला नाही.

शेंदूर पुन्हा लागला नाही. रुईची माळ मात्र राहिली, कारण एशूला ती आवडत असल्याचं मुलीने नारळाला विचारून सांगितलं. बाटली मी फेकून दिली. गल्लीच्या तोंडाच्या मारोतीलाही आता शेंगदाण्याचं तेल जातं. तो इतकी वर्षं ते बाटलीतलं पीत होता, हे आईच्या मनाला लागलं असावं. माझ्या लग्नाचं काम का अडलं, याचा तिने त्यातून लावला असेल तो अर्थ मी विचारला नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मुलगी विद्यापीठात लवकर गेली होती. मी चहा घेत होते. फाटकाशी आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी दिसली. शनिवार नव्हता. कुठल्याच देवाचा वार नव्हता. मी सवयीने कान टवकारले, आता माझ्या लग्नाचं निघेल म्हणून. तिने पाणी सांडलं, काहीतरी पुटपुटली आणि आत आली.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"काई नाई. हाल इचारला."

"आणि माझ्या लग्नाचं?"

"ते देलं सोडून." तिने तांब्या पालथा घातला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. एवढ्या वर्षांचा नवस माणूस असा सोडतं? आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यानं बी इचारला हाल. म्या सांगतलं, पोट्टी बरी हाय म्हनून."

"कोणती पोट्टी?"

"दोघी बी," आई म्हणाली आणि चहा मागितला.